कॅफे ओटो, डाल्स्टन: सम नसलेली संध्याकाळ

आधीच सांगते. कॅफे ओटोत वाजतं ते आधी काहीच न ठरवता, तिथल्या तिथे सुचेल तसं केलेलं वादन. ज्यांना गाण्यात चाल लागते, निदान ठेका तरी लागतो, त्यांनी हे वाचून तिकीट काढू नये. काढलंच तर नंतर मला फोन करू नये. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी मागे माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. पुढच्या दिवाळी पहाटेला ती मंडळी माझ्याशी फक्त चकलीबद्दल बोलली.

तरीही लिहिते आहे, कारण लंडनमध्ये राहणाऱ्या आणि घरात तंबोरा, पेटी, तबला यांपैकी काहीतरी असणाऱ्या मराठी माणसाने ही जागा एकदा तरी बघावी असं मला मनापासून वाटतं. आवडलं नाही तरी चालेल. न आवडण्यातसुद्धा बोलायला पुष्कळ मिळतं, हे या वेळी सासऱ्यांना घेऊन गेले तेव्हा कळलं.

जागा अशी. पूर्व लंडनमध्ये हॅकनी बरो, त्यात डाल्स्टन, आणि डाल्स्टन जंक्शन स्टेशनच्या पाठीमागे ॲश्विन स्ट्रीट नावाची एक आखूड गल्ली. गल्लीत चित्रकारांचे रंग बनवणाऱ्या रीव्ह्जची जुनी वास्तू आहे, भिंतीवर मोझेइकमध्ये नाव अजून शाबूत. जलरंगाच्या वड्या ज्यांनी अठराव्या शतकात विकायला काढल्या तेच हे रीव्ह्ज. शेजारी आर्कोला थिएटर. आणि तिथेच, रस्त्याकडे मोठ्या काचा असलेलं कॅफे ओटो. हॅमिश डनबार आणि केइको यामामोटो या दोघांनी ते २००८ मध्ये सुरू केलं. दिवसा लोक लॅपटॉप उघडून कॉफी पीत बसतात. संध्याकाळी टेबलं सरकतात, खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि आठवड्यातल्या बहुतेक रात्री तिथे असं काही वाजतं, जे बाकी लंडनमध्ये कोणी ठेवून घेणार नाही. २०१२ पासून त्यांचं ओटोरोकू नावाचं स्वतःचं लेबलही आहे. तिथे वाजलेलं तिथेच रेकॉर्ड होतं आणि बऱ्याचदा बाहेर येतं. जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमान २०२३ च्या जूनमध्ये गेले. त्याआधी फेब्रुवारीत ते इथेच चौघांत वाजवून गेले होते, ते रेकॉर्डिंग ओटोरोकूनेच काढलं.

स्टेज नाही. वादक जमिनीवर उभे, आपणही त्याच जमिनीवर. पुढच्या रांगेत बसलं तर वादकाच्या बुटाच्या नाड्या दिसतात आणि सॅक्सोफोनमध्ये साठलेलं पाणी झटकलं तर ते आपल्यापासून फार लांब पडत नाही. मला हे फार आवडतं. मोठ्या हॉलमध्ये वादकाचा हात बघायला पडद्याकडे मान वळवावी लागते. इथे पडद्याची गरजच नाही.

आता बाबा. माझे सासरे मिरजेचे, मीही मिरजेचीच. त्यांची नोकरी रेल्वेत झाली, पण जीव सतारमेकर गल्लीत. ड्यूटी संपली की कुणाच्या तरी दुकानात जाऊन तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढताना बघत बसायचं हा त्यांचा छंद. उरुसात दर्ग्याच्या आवारात संगीतसभा भरते, तिथली त्यांची जागा ठरलेली. गवई अब्दुल करीम खाँसाहेब गेले १९३७ मध्ये, बाबांचा जन्म त्यानंतरचा. पण बोलतात असे की खाँसाहेब मागच्या बाजाराला भेटले होते. मी शाळा-कॉलेजभर तबला शिकले. आता महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी गायला बसलं की साथीला मी, आणि आठवडाभर हॉस्पिटलच्या औषधविभागात गोळ्यांचा हिशेब.

लेकाची परीक्षा म्हणून नवरा घरी थांबला, तिकिटं दोन काढलेली, म्हणून बाबांना म्हटलं चला.

"कुणाचं गाणं हाय?"

"गाणं नाही बाबा, वादन आहे."

"राग कुठला?"

"तो त्यांनाही ठाऊक नसतो. आधी काही ठरवतच नाहीत."

"मग तिकीट कसलं घेत्यात?"

वेम्ब्लीहून आम्ही विल्सडन जंक्शनला गाडी बदलली. तिथे खालच्या फलाटावरून वरच्या फलाटावर जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवावा. वरून मिल्डमे लाइनने थेट डाल्स्टन किंग्जलँड, मग चालत पाच-सात मिनिटं. दारं साडेसातला उघडतात, वाजायला लागतं आठच्या पुढे. आगाऊ तिकीट १४ पौंडाला पडलं.

त्या रात्री तीन सेट होते. वादकांची नावं देत नाही. तिसऱ्या सेटबद्दल जे लिहिणार आहे ते नाव घेऊन लिहिण्याइतका माझा अधिकार नाही, आणि मग तिघांची द्यायची आणि चौघांची लपवायची हेही बरं नाही.

पहिला सेट दोघांचा. सोप्रानो सॅक्सोफोनवर एक मध्यमवयीन बाई आणि डबल बासवर एक उंच, वाकलेला माणूस. दोघं आले, उभे राहिले, एकमेकांकडे बघितलंही नाही. बासवाल्याने गजाने एका तारेवर इतका हलका घास दिला की सूर नाही, नुसता श्वास आला. बाईंनी बटणं वाजवली, फुंक न मारता. टकटक, टकटक. चांगली चार-पाच मिनिटं हेच.

"अजून लावायलेत व्हय?" बाबांनी माझ्या कानात विचारलं. त्यांच्या कुजबुजीला हेडफोन लागत नाहीत.

मला रविशंकरांची ती गोष्ट आठवली. १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशसाठी कार्यक्रम झाला, तिथे वाद्यं लावून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आपण त्या गोष्टीला पन्नास वर्षं हसलो. त्या गोऱ्या लोकांना जे कळलं नाही ते आपल्याला कळतं, असा त्या हसण्याचा रोख. इथे गणित उलटं झालं होतं, आणि मी बाबांना "नाही, सुरू झालंय" एवढंच म्हटलं.

मग बाबा ज्यासाठी आले नव्हते ते घडलं. बासवाल्याने खिशातून बांबूची एक बारीक काडी काढली, चॉपस्टिकएवढी. डाव्या हाताने तारा जरा उचलल्या आणि पट्टी आणि तारा यांच्यामध्ये ती काडी आडवी सारली. पुन्हा गज ओढला. आणि त्या धिप्पाड वाद्यातून एकदम जवारी बोलली. खर्जाची तार झणझणली आणि तिच्यातून वरचे सूर मोकळे झाले, पंचम, मग गंधाराची चाहूल, अगदी तंबोऱ्यासारखी.

बाबा खुर्चीत पुढे आले. त्यांना आधीपासून एक शंका होती, ती त्यांनी मला नंतर सांगितली. या वाद्याची घोडी उभी, पातळ, तार तिच्या धारेवर टेकलेली. तिथे जवारी कुठून येणार? तंबोऱ्याची घोडी सपाट असते आणि तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार त्या उतारावरून निघताना घोडीला चाटत जाते, म्हणून झणकार. त्यात दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. केसभर पुढे गेला तर आवाज बसका, केसभर मागे आला तर नुसती खरखर. कारागीर कानसने घासतो, तार लावतो, ऐकतो, परत तार उतरवतो, परत घासतो. बासवाला त्या दोऱ्याचंच काम काडीकडून करून घेत होता. वाजवता वाजवता उजव्या हाताच्या करंगळीने काडी जरा खाली ढकलायचा, आवाज मिटायचा. वर घ्यायचा, उघडायचा.

"काडी अजून जरा वर घे म्हणावं त्याला," बाबा म्हणाले. आणि त्याने घेतली! ऐकून नव्हे अर्थात. पण घेतली, आणि आवाज असा उघडला की बाबांनी त्या स्मशानशांततेत खणखणीत "क्या बात है" दिली.

इथे दाद द्यायची पद्धत नाही. लोक चर्चमध्ये बसल्यासारखे बसतात, बिअरचा ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवतात. पंधरा-वीस माना वळल्या. बाई डोळे मिटून वाजवत होत्या, त्यांचे मिटलेलेच राहिले. बासवाला मात्र वर बघून हसला. मला वाटतं हा या मंडळींचा एक तोटा आहे. इतकं जिवंत, तिथल्या तिथे जन्मणारं संगीत आणि ऐकणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड बंद ठेवायचं. आपल्याकडे मैफल अर्धी श्रोता चालवतो. इथे तो फक्त पाहुणा.

सॅक्सोफोनवाल्या बाईंचा एक तुकडा सांगायलाच हवा. त्यांनी श्वास न तोडता बराच वेळ एक सलग धार धरली. नाकाने आत घ्यायचं आणि त्याच वेळी गालातली हवा बाहेर सोडत राहायची, आपला पुंगीवाला करतो तेच. पण एका धारेत त्या दोन-तीन सूर एकदम काढत होत्या. खालचा जाड, वरचा चिलटासारखा, आणि मधला कधी असायचा कधी नसायचा. सोप्रानोवर हे तंत्र एव्हन पार्कर यांनी इतकं पुढे नेलंय की आता कुणीही ते वाजवलं की त्यांची आठवण होते. बाईंनी ती आठवण टाळली नाही, पण त्यात अडकूनही पडल्या नाहीत. मधेच धार तोडली आणि पुन्हा त्या बटणांच्या टकटकीवर आल्या.

आणि मग संपवलं. माझा सगळा कान या एका गोष्टीवर असतो, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते.

तबलजीला संपवायचं कसं याची काळजी नसते. तिहाई आहे, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आहे. तीनदा तोच तुकडा, तिसऱ्याचा शेवटचा "धा" समेवर, की मंडपातल्या शेवटच्या माणसालाही कळतं संपलं. इथे आवर्तनच नाही, मग सम कुठून येणार? सुरुवातीला मी इथे यायचे तेव्हा बोटं मांडीवर मात्रा मोजायची, सात, साडेसात, अकरा, आणि कुठेच काही बसायचं नाही. मग लक्षात आलं की मोजणं सोडलं तरी एक गोष्ट उरते: दोघांनाही एकाच क्षणी कळणं की आता झालं. ते आधी ठरवता येत नाही. खूण करून आणलं तर खोटं वाटतं. तो क्षण हुकला तर वादक पुढे वाजवत राहतात, आणि मग ते नुसतं वाजवत राहणं असतं. म्हणून या संगीतात कोण किती तयार हे मी सुरुवातीवरून ठरवत नाही, मधल्या करामतीवरूनही नाही. संपवण्यावरून ठरवते.

या दोघांनी कसं संपवलं? बासवाल्याने काडी काढली. एकदा गज ओढला, साधा, जवारीशिवाय. बाईंनी वाद्य तोंडाशी नेलं, फुंक भरली आणि वाजवलं नाही. खाली घेतलं. बस. दोघांपैकी कुणी मान हलवली नाही. आम्ही सगळे काही सेकंद तसेच, आणि मग टाळ्या. ती न वाजवलेली फुंक हीच सम होती, आणि ती दोघं अगदी बरोबर तिथे आली.

बाबांचं मत: "बासवाला चांगला हाय. बाईंना खोकला हाय का बघा."

मध्यंतरात मी त्यांना चहा आणून दिला. काउंटरवर चहा, कॉफी, बिअर, वाइन सगळं मिळतं. बाहेर फुटपाथवर लोक सिगारेट ओढत घोळक्याने उभे असतात, त्यांत थोड्या वेळापूर्वी वाजवणारेही असतात आणि त्यांच्याशी जाऊन बोलायला काही वाटत नाही. बाबांनी मला दुभाषी करून बासवाल्याला गाठलं आणि हरणाच्या शिंगाच्या घोडीबद्दल दहा मिनिटं सांगितलं. तो माणूस खरंच ऐकत होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही बाबांनी सांगून टाकलं. भौगोलिक मानांकनाचं इंग्रजी मला चटकन सुचेना, तर तोच म्हणाला, शॅम्पेनसारखं ना?

"ही माणसं शिकत्यात कुठं?" आत येताना बाबांनी विचारलं.

शिकतात एकमेकांकडून. ओटो उघडायच्या कितीतरी आधीपासून लंडनमध्ये हे चालू आहे. १९६५ मध्ये एएमएम हा गट निघाला. १९६६ पासून जॉन स्टीव्हन्स हे ड्रमवादक वेस्ट एंडच्या एका छोट्या नाट्यगृहात, तिथली नाटकं आटोपली की, आपल्या साथीदारांना घेऊन असंच वाजवत. एएमएमचे एडी प्रेव्हो १९९९ पासून आठवड्याला एक कार्यशाळा घेऊ लागले. कोणीही यावं, कुठलंही वाद्य आणावं. आणि डेरेक बेली. शेफिल्डचा हा गिटारवादक आधी नाइटक्लबात आणि स्टुडिओत लोकांच्या पसंतीचं वाजवून पोट भरायचा. नंतर ते सगळं सोडून त्याने गिटारला कुठल्याच घराण्याचं ठेवलं नाही. तो राहायचा याच हॅकनीत. गेला २००५ च्या ख्रिसमसच्या दिवशी, ओटो उघडायच्या आधी. उत्स्फूर्त वादनावर त्याने एक पुस्तक लिहिलं, १९८० मध्ये आलं, आणि त्याची सुरुवातच भारतीय संगीतापासून होते. बाबांना ही माहिती आवडली. "मग बरोबर हाय," म्हणाले. काय बरोबर, ते विचारलं नाही.

दुसरा सेट एकट्याचा होता आणि त्यावरून आमचं जुंपलं.

एक तरुण मुलगा, टेबल, त्यावर आवाज कमीजास्त करायचा एक छोटा मिक्सर, आणि बाकी काही नाही. माइक नाही, वाद्य नाही. मिक्सरमधून निघालेली वायर फिरून त्याच मिक्सरच्या आत जाते. म्हणजे यंत्राला बाहेरून काहीच ऐकायला मिळत नाही, ते स्वतःचाच आवाज ऐकतं, वाढवतं, परत ऐकतं. सभागृहात माइक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी वाजते, तीच ही शिट्टी, फक्त पाळलेली. जपानचे तोशिमारु नाकामुरा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हे करत आलेत आणि आता जगभर याची एक छोटी जमात आहे.

मुलगा बटणं इतकी सावकाश फिरवत होता की हात हलतोय हे आवाजावरून कळायचं. एक बारीक, उंच सूर धरला. तो इतका पातळ होता की मी मान जरा वळवली की नाहीसा व्हायचा आणि परत सरळ केली की यायचा. खोलीच्या भिंतींवर आपटून येणाऱ्या लहरींचा हा खेळ. पुढच्या रांगेत कुणी पाय बदलला तरी सुराचा पोत बदलल्यासारखा वाटायचा. मग खालून एक धडधड उगवली, हळूहळू, आणि वरच्या सुराला खाऊ लागली. मुलाने धडधड थोपवली नाही. तिला वाढू दिलं आणि अगदी फुटायच्या बेतात आल्यावर एका बोटाने एवढीशी मागे घेतली. मला तिथे सतारीच्या आलापातल्या जोडाच्या शेवटची ती अवस्था आठवली, जेव्हा लय आलेली असते पण ठेका अजून आलेला नसतो.

बाबा तोपर्यंत बाहेर जाऊन उभे राहिले होते. काचेतून दिसत होते, टोपी सारखी करत.

त्यांचं म्हणणं, यात माणसाचा हात कुठं आहे? बटण फिरवलं, आवाज आला. उद्या पंखा लावाल आणि तिकीट घ्याल. माझं म्हणणं, हात आहे, फक्त तो आवाज काढत नाही, आवर घालतो. काढण्यापेक्षा ते अवघड. मी त्यांना अहमदाबादचं सांगितलं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकेचे डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. त्यावर आपल्या लोकांनी काम केलं, त्यात गीता साराभाई होत्या, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं. त्या स्टुडिओतल्या टेप पुढे कित्येक वर्षं तशाच पडून होत्या, अलीकडे त्या सापडल्या आणि प्रसिद्ध झाल्या. म्हणजे हे सगळं आपल्याला नवीन नाही.

"पडून व्हत्या ना? का पडून व्हत्या त्याचा इचार करा," बाबा म्हणाले.

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण माझं मत बदललेलं नाही. त्या संध्याकाळचा सगळ्यात धाडसी सेट तोच होता. शेवट मात्र सोपा केला त्याने: एकेक बटण शून्यावर आणत गेला. आपण समजून जातो, चार राहिली, तीन राहिली. पत्ते मोजल्यासारखं. हा शेवट वादनातून आला नाही, यंत्रातून आला. तेवढे गुण कमी.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. चौघं: ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, ट्रम्पेट आणि एक बाई, ज्या गळ्यातून किंकाळीपासून गुळणीपर्यंत सगळं काढत होत्या. चौघंही तयारीचे, यात शंका नाही. ट्रम्पेटवाल्याने भोंग्यावर पत्र्याची ताटली धरून जो फाटका आवाज काढला तो एकट्याने ऐकायला मिळाला असता तर मी जागेवरून उठले नसते. पण मिळाला नाही. ड्रमवाला पहिल्या मिनिटापासून लग्गी लावून बसला होता. गिटारवाल्याने आवाज वाढवला म्हणून बाईंनी वाढवला, बाईंनी वाढवला म्हणून ड्रमने. जॉन स्टीव्हन्स आपल्या साथीदारांना एक साधी गोष्ट सांगत: दुसरा ऐकू येत नसेल तर आपलं जोरात चाललंय. आमच्या गुरुजींनीही वेगळं काही शिकवलं नव्हतं. गवयाची जागा झाकली तर तबला कितीही गोड वाजो, ती साथ नाही. ताल असो, नसो, राग असो, नसो, हा नियम काही बदलत नाही. आणि तो मोडला की लगेच कळतं, कारण इथे दुसरं काही लपायला नाही. रागसंगीतात साथ फसली तरी राग सांभाळून घेतो, बंदिश सांभाळून घेते. इथे सांभाळायला फक्त समोरचा माणूस, आणि त्याचंच ऐकायचं नाही म्हटल्यावर काय राहिलं?

हा सेट निदान चार वेळा संपला. म्हणजे चार वेळा अशी जागा आली की तिथे थांबायला हवं होतं. एकदा तर सगळे खरंच थांबले, लोकांनी हात उचलले टाळीसाठी, आणि गिटारवाल्याने पुन्हा एक तार छेडली. मग बाकीच्यांना त्याच्या मागून जाणं आलं. बाबा आत येऊन बसले होते. या वेळी तेही काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळ बघितलं. शेवटी ड्रमवाल्याने दोन्ही काठ्या तबल्यावर हात ठेवावा तशा आडव्या ठेवल्या आणि तिघांकडे बघितलं, तेव्हा संपलं.

बाहेर पडलो तेव्हा भूक लागली होती. किंग्जलँड रोडवर तुर्की लोकांची कोळशावर भाजणारी हॉटेलं उशिरापर्यंत उघडी असतात. पण गुरुवार. बाबांचा दत्ताचा वार, कुठेही गेले तरी नृसिंहवाडीची दिशा विसरत नाहीत. मग मसुरीचं सूप आणि गरम पाव. वरून लिंबू पिळून, तिखटाची पूड टाकून. "फोडणी नाही दिली, नाहीतर आमटी झाली असती," म्हणत त्यांनी दोन वाट्या संपवल्या. सूप चार पौंडाच्या आसपास.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. ओटोच्या संकेतस्थळावर पुढच्या दोन-तीन महिन्यांचे कार्यक्रम असतात आणि प्रत्येकाखाली बऱ्यापैकी लांब माहिती असते. ती वाचा, आधीची रेकॉर्डिंग्ज ऐका आणि मगच ठरवा. पहिल्यांदा जात असाल तर दोघांचा किंवा तिघांचा, वाद्यांचा कार्यक्रम निवडा. बास, चेलो, पियानो, सॅक्सोफोन असं काही. ज्या कानाला सारंगी आणि शहनाई माहीत आहे त्याला तिथून आत शिरता येतं. मोठे गट आणि शुद्ध इलेक्ट्रॉनिक प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. सतत जाणार असाल तर सभासदत्व घ्या, तिकीट स्वस्त पडतं. कानात घालायला फोमचे बूच खिशात ठेवा. माझ्याकडे असतातच, तिसऱ्या सेटला घातले. बसायला हवं असेल तर दारं उघडायच्या वेळीच पोचा, नाहीतर मागे काउंटरजवळ उभं राहावं लागतं. आणि जॅझच ऐकायचं असेल, ठेक्यासकट, तर जवळच गिलेट स्क्वेअरमध्ये व्होर्टेक्स आहे, तिकडे जा.

लहान मुलांना नेऊ नका. त्यांना आवडेल, तोच प्रश्न आहे. घरी आल्यावर ती पातेल्यांवर हेच वाजवतील आणि तुम्हाला बोलायला तोंड राहणार नाही.

सेट आवडला नाही तर बाबांसारखं बाहेर जाऊन उभं राहा. तिथे त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही, आणि काचेतून सगळं दिसतं.